अष्टकोनाखालचे थोरले

समोर कुठलीही वस्तू आली की ते आधी तिच्यावर मधल्या बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मान एका बाजूला झुकवून ऐकायचे. बाजारातलं कलिंगड असो, कॅन्टीनची बशी असो, नाहीतर नव्या साहेबाच्या खोलीचं दार असो. ऐकून झालं की स्वतःशीच म्हणायचे, "हं. ठीक आहे." क्वचित कधीतरी "ठीक नाही" म्हणायचे, आणि मग ती वस्तू आम्ही जपून वापरायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सवयीला आधी सगळे हसतात आणि वर्षभरात सगळेच ती उचलतात. मी आजही पातेलं वाजवून बघितल्याशिवाय विकत घेत नाही.

आमचं ऑफिस जर्मनीत, आखनला होतं. मोटारींचे गिअरबॉक्स आवाज का करतात हे शोधून काढणं हे आमचं काम. मी पुण्याहून तिथल्या विद्यापीठात शिकायला गेले आणि शिक्षण संपल्यावर तिथेच चिकटले. ते माझ्या कितीतरी आधीपासून तिथे होते. पंचेचाळिशी ओलांडलेले, एकटे, डोक्यावर विरळ केस आणि बाराही महिने गळ्यात एकच करडा मफलर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

"डोळे मिटा. आता ऐका. यातला एक दात रडतोय. कुठला?"

"मला तर मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखं ऐकू येतंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते खूश होऊन म्हणाले. "चटणीत एक खडा आहे. तो शोधा."

तो खडा सापडायला मला दोन महिने लागले. तेवढ्या काळात त्यांनी एकदाही घाई केली नाही. रोज सकाळी फक्त "ऐका" म्हणायचे आणि आपल्या टेबलाकडे जायचे.

हा झाला त्यांचा ऑफिसातला शब्द. ऑफिसाबाहेर त्यांचा दुसरा शब्द होता, "वर बघा."

आखनच्या मधोमध एक फार जुनं चर्च आहे. गावात सगळे त्याला डोम म्हणतात. बाराशे वर्षांपूर्वी इथे एक सम्राट राहायचा, कार्ल नावाचा, त्याने ते बांधलं. आत आठ बाजूंचा एक उंच गाभारा आहे, त्याच्या भोवती फिरायला प्रदक्षिणेच्या वाटेसारखी वाट आहे, आणि डोक्यावर, पार वर, सोनेरी छत. मराठी मंडळींपैकी कुणाचेही आईवडील भेटीला आले की त्यांना तिथे नेण्याचं काम या गृहस्थांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. जर्मन लोक त्या सम्राटाला 'मोठा कार्ल' म्हणतात. यांना ते पसंत नव्हतं. "मोठा म्हटलं की कपड्याचं माप वाटतं. आपल्याकडे पेशव्यांत थोरले असतात ना? तसे हे थोरले कार्ल." उठता बसता थोरले, थोरले. शेवटी ते नाव त्यांनाच चिकटलं. आम्ही सगळे त्यांना थोरले म्हणू लागलो, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

माझे आईबाबा आले तेव्हा थोरल्यांनी त्यांनाही नेलं. आईने दाराशीच चपला काढल्या आणि त्या ठेवायच्या कुठे म्हणून स्टँड शोधू लागली. बाबांना फक्त संगमरवर मकराण्याचा आहे का तेवढंच जाणून घ्यायचं होतं. थोरले कुणावरही वैतागले नाहीत. त्यांनी दोघांना बरोबर मधोमध, त्या प्रचंड गोल झुंबराच्या खाली आणून उभं केलं, आणि नुसतं म्हणाले, "वर बघा."

आईबाबांनी वर बघितलं. माझी आई कुठल्याही गोष्टीला पटकन 'छान' म्हणणारी नाही, तिला साडीसुद्धा तिसऱ्या दिवशी आवडते. ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मान अवघडली हो. पण खाली बघवत नाही."

थोरले तेव्हा तिच्याकडे बघत होते. छताकडे ते कधीच बघायचे नाहीत. वर बघणाऱ्या माणसाचं तोंड बघायला ते तिथे जायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

इतिहास हा विषय दहावीला सनावळ्या घोकून, पास होऊन, मी तिथेच सोडून दिला होता. थोरल्यांनी तो मला परत आणून दिला, आणि तोही असा की मी तो जेवताना ऐकायचे. त्यांच्या बोलण्यात तो सम्राट शेजारच्या इमारतीत राहत असावा असा यायचा. त्याला गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचा फार नाद, आणि तो एकटा डुंबत नसे, सरदारांना, मित्रांनाही पाण्यात उतरवायचा. "म्हणजे सगळ्या मीटिंगा गळ्यापर्यंत पाण्यात," थोरले म्हणायचे. "म्हणून लवकर संपत असतील." त्याला लिहायला येत नव्हतं. म्हातारपणी शिकायला बसला. उशीखाली मेणाच्या पाट्या ठेवायचा आणि झोप लागली नाही की अंधारात अक्षरं गिरवायचा. "जमलं का?" मी विचारलं. "नाही जमलं. उशीर झाला होता. पण पाटी काही त्याने उशीखालून काढली नाही."

आणि हत्ती. हत्तीची गोष्ट सांगताना थोरल्यांचा आवाज बदलायचा. बगदादच्या खलिफाने कार्लला भेट म्हणून एक हत्ती पाठवला होता. समुद्र ओलांडून, मग आल्प्सचे डोंगर ओलांडून, तो हत्ती पायी आखनला आला. थोरल्यांच्या मते तो हत्ती मूळचा आपल्याकडचाच असणार. "म्हणजे बघा, या गावात आलेला पहिला भारतीय. ना भाषा येते, ना थंडी सोसते. अनमेल्डुंग कुणी करून दिली असेल त्याची?" तिथे नव्याने राहायला आलं की आधी नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. आम्ही सगळेच त्या रांगेत उभे राहून हैराण झालो होतो, त्यामुळे हत्तीबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटायचं.

आखनचं धुकं तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. नोव्हेंबरात ते सकाळी रस्त्यांवर असं बसतं की दिवे लागलेली बस आधी ऐकू येते आणि मग दिसते. अशा सकाळी ऑफिसला जाताना थोरले मध्येच थांबायचे आणि रस्त्याच्या टोकाकडे बोट करायचे. "आत्ता आला असता तर कुणाला पत्ता लागला नसता." मी हसायचे. पण खरं सांगायचं तर एकदोनदा मलाही त्या धुक्यात काहीतरी उंच, करडं, सावकाश पाय टाकत येताना दिसलं आहे. तो कचऱ्याचा ट्रक होता हे नंतर कळलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

एवढं सगळं त्यांना का लागून राहिलं होतं, याचं कारण कऱ्हाडला होतं.

त्यांचे वडील तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. आम्ही त्यांना न बघताच सर म्हणू लागलो होतो. सरांनी उभा जन्म मुलांना शिकवलं की रोमन साम्राज्य पडलं आणि मग युरोपात अंधारयुग सुरू झालं, हजार वर्षं माणसं झोपून राहिली. थोरले आखनला आल्यावर पहिल्यांदा डोममध्ये शिरले आणि तिथेच त्यांचं वडिलांशी भांडण सुरू झालं. दर रविवारी फोनवर. कधी ऑफिसच्या कामासाठी रविवारी आलो तर तो मला अर्धा ऐकू यायचा.

"बाबा, अहो अंधार होता तर हे बांधलं कुणी? मठामठांतून माणसं बसून जुनी पुस्तकं उतरवून काढत होती. अक्षर सुधारलं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला लागले, म्हणजे वाचणाऱ्याला श्वास घेता येईल. आल्झो, म्हणजे नवीन नसेल काही. खांबसुद्धा इटलीतून जुनेच आणले. पण जुनं नीट उतरवून घेतलं तरी उजाडतं की नाही?"

पलीकडून सर काय म्हणत ते थोरले मग आम्हाला सांगायचे. "म्हणाले, एका दिव्याने दिवाळी होत नाही." किंवा, "म्हणाले, त्याच सुमाराला आपल्याकडे वेरूळला अख्खा डोंगर वरून खाली कोरला, तुझ्या कार्लचं कौतुक मला सांगू नकोस." यावर थोरले खूश होऊन हसायचे, कारण वेरूळ त्यांनाही प्रिय होतं. सर दर वर्षी शाळेची सहल वेरूळला न्यायचे. "बरोबर आहे त्यांचं. हे खालून वर बांधत होते, ते वरून खाली कोरत होते. कुठेतरी मध्ये गाठ पडायची."

पण अंधारयुग हा शब्द सर मागे घेत नव्हते. आणि थोरल्यांची सगळ्या आयुष्यात एकच इच्छा उरली आहे असं आम्हाला वाटायचं, की या माणसाला एकदा त्या झुंबराखाली आणून उभं करायचं आणि म्हणायचं, वर बघा. आमच्या सगळ्यांच्या आईवडिलांना ते नेत होते तेही त्याचीच तालीम असणार. दर वर्षी तिकीट काढू का विचारायचे. दर वर्षी सरांचं काहीतरी निघायचं. थंडी, गुडघे, बहिणीकडे लग्न.

मग एका शरद ऋतूत सर आपणहून म्हणाले, "येतो."

थोरले त्या महिन्यात ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर टकटक करत फिरले. चालायला लागू नये म्हणून विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली. हे आपण सगळेच करतो. धडधाकट आईबापांनाही व्हीलचेअर सांगतो, म्हणजे ते परक्या विमानतळावर हरवत नाहीत. थोरल्यांकडे गाडी नव्हती, म्हणून ड्युसेलडॉर्फला मी त्यांना घेऊन गेले.

दार उघडलं आणि एका तरुण मुलीने खुर्ची ढकलत सरांना बाहेर आणलं. ताठ बसलेले, पांढरा सदरा, वर कोट, मांडीवर पिशवी. थोरले कठड्याशी उभे राहून दोन्ही हात हलवत होते. सर सरळ आमच्याकडे तोंड करून येत होते आणि हात काही हलवत नव्हते. मला वाटलं, मास्तर माणूस, चारचौघांत हात हलवायला लाजत असेल. थोरले पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा."

सरांनी मान वळवली ती थोरल्यांच्या शेजारच्या खांबाकडे. मग हात पुढे केला, तो हवेत थोडा चाचपडला आणि थोरल्यांच्या मफलरला लागला. त्यावरून वर सरकत तो त्यांच्या गालापर्यंत गेला.

"आवाज बसलाय तुझा. सर्दी झालीय?" सर म्हणाले. "हे बघ, रागावू नकोस. काचबिंदू. दोन्ही गेले. तुझ्या ताईला मीच सांगितलं होतं, तुला कळवायचं नाही. आणि फोनवर सांगायची गोष्ट नव्हती, म्हणून आलो."

तुम्ही म्हणाल, इतके दिवस कळलं कसं नाही? मी सांगते कसं नाही ते. तेव्हा नुकतेच सगळ्यांच्या आईवडिलांच्या हातात स्मार्टफोन आले होते, आणि व्हिडिओ कॉल लावला की आम्हा सगळ्यांना एकच दृश्य दिसायचं, वर गरगरणारा पंखा आणि खाली अर्धं कपाळ. माझ्या आईचं कपाळच मी त्या काळात जास्त पाहिलं. डोळे असणाऱ्यांचे फोन असेच, डोळे नसणाऱ्यांचाही असाच. सरांचा पंखा इतरांच्या पंख्याहून वेगळा दिसत नव्हता. आणि लांब असलेल्याला वाईट बातमी कळवायची नाही हा आपल्या घरांचा जुना शिरस्ता. तो तिथे एकटा, ऐकून काय करणार, जिवाला घोर लावून घेईल. प्रेमाने पाळतात सगळे, आणि प्रेमानेच माणसाला परका करून टाकतात. मला या शिरस्त्याचा आजही राग येतो.

गाडी हायवेला लागली. मग थोरले म्हणाले, "मला सांगायचं होतंत."

"तू लांब. ऐकून काय केलं असतंस?"

"मला ऐकण्याचाच पगार मिळतो, बाबा."

मी आरशातून बघितलं तर थोरले खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मांडीवर सरांचा हात होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. थोरले ऑफिसात यायचे, काम करायचे, पण कशावर टकटक करायचे नाहीत. एकदा हेडफोन कानावर ठेवून नुसतेच बसले होते, मशीन बंद होतं. मला म्हणाले, "दर रविवारी तासभर आवाज ऐकत होतो हो त्यांचा. गिअरच्या दातात केसभर फरक पडला तर मला कळतो. बाबांच्या आवाजात काहीतरी गेलं होतं ते मला कळलं नाही." मी म्हटलं, सरांनी कळू दिलं नाही. ते म्हणाले, "कळू तर गिअरबॉक्ससुद्धा देत नाही."

डोमला जायचं नाव त्यांनी काढलंच नाही. मी दोनदा आडून विचारलं, त्यांनी मान हलवली. "काय दाखवू तिथे?" शेवटी सरांनीच एका सकाळी विचारलं, मी त्यांना उपमा द्यायला गेले होते तेव्हा. "याचं ते देऊळ कुठं आहे? एवढी वर्षं भांडतोय माझ्याशी, आणि आता नेत नाही. पुरावा दाखवायची वेळ आली की पळाला."

"बाबा, आता तिथे…"

"चल. कोट दे."

म्हणून आम्ही तिघे निघालो. धुकं होतं. दगडी फरसबंदीवरून सर थोरल्यांच्या कोपराला धरून सावकाश एकेक पाऊल टाकत होते, आणि मी दोन पावलं मागून त्या दोन करड्या आकृतींकडे बघत होते. मला हत्ती आठवला. इतक्या लांबून, असाच कुणाचा तरी हात धरून, न दिसणाऱ्या गावात आला असेल.

डोमच्या पुढच्या बाजूला काशाची जुनी दारं आहेत आणि त्यांवर सिंहाची तोंडं. गावकऱ्यांनी सैतानाला फसवलं तेव्हा त्याने चिडून दार आपटलं आणि त्याचा अंगठा सिंहाच्या तोंडात तुटून राहिला, अशी गोष्ट आहे. थोरल्यांनी सरांचा हात धरून त्या तोंडात घातला. सरांनी आत बोट फिरवलं, त्यांना तो अंगठा सापडला, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "कार्लच्या काळचं दार?" त्यांनी विचारलं. थोरले हो म्हणाले. मग सरांनी स्वतःच दारावर मधल्या बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मान झुकवून ऐकलं. ही सवय कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

"एकसंध ओतलंय," सर म्हणाले. "झोपलेल्या माणसाचं काम नाही." आणि लगेच सावरून, "पण एका दिव्याने दिवाळी होत नाही."

आत शिरताना ते वाकून बूट काढू लागले. लांब झग्यातला रखवालदार लगबगीने आला. मी जर्मनमधून समजावलं की आमच्याकडे देवळात पायताण घालत नाहीत. त्याने सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, जमीन फार गार आहे, मोजे तरी राहू द्या. म्हणून सर मोज्यांवर त्या वाटेने निघाले. सबंध प्रदक्षिणा घातली. एक हात थोरल्यांच्या कोपरावर, दुसरा खांबांवर. प्रत्येक खांबाशी थांबायचे आणि तळवा टेकवायचे, वर्गात मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

मग थोरल्यांनी त्यांना मधोमध, झुंबराखाली आणलं. इतक्या लोकांना आणून उभं केलं होतं तिथे. सवयीने त्यांचं तोंड उघडलं. "बाबा, वर…" आणि ते थांबले.

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मी जमिनीवरच्या फरशांकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्या एका शब्दासाठी त्यांनी जीव टाकला होता, तो शब्द नेमक्या माणसासमोर त्यांच्या तोंडात अडकला होता. सर वाट बघत उभे होते. कुठेतरी बाकाचा आवाज झाला, मग तोही थांबला.

"ऐका," थोरले म्हणाले.

ऑफिसातला शब्द. आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून एकच 'टक' केलं, रिकाम्या हॉलमध्ये माइक तपासताना आम्ही करतो तसं.

तो टक वर गेला. खरोखर गेला, मी ऐकला. आधी खालच्या कमानींना लागला, मग वरच्या, मग खूप वर कुठेतरी पसरला आणि बारीक होत होत विरला. आणि सरांची मान त्याच्या मागोमाग वर गेली. कुणीही न सांगता. खालून वर, हळूहळू, जिथे आवाज जाईल तिथे, आणि शेवटी त्यांचा चेहरा बरोबर त्या सोनेरी छताकडे झाला आणि तिथे राहिला.

थोरले त्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"उंच आहे," सर म्हणाले. "आणि गोल नाही हे."

"आठ बाजू आहेत."

"हं. वेरूळचं दहा नंबरचं लेणं आठवतं तुला? तिथे मी पोरांना काय करायला लावायचो?"

थोरल्यांना आठवत होतं. सर दर सहलीला सगळा वर्ग त्या लेण्यात उभा करायचे आणि सगळ्यांना एक सूर धरायला सांगायचे. दगड कसा गातो ते ऐका, म्हणायचे. त्यांचा स्वतःचा पोरगाही त्या वर्गात होताच. आता डोममध्ये सरांनी डोळे मिटले, खरं तर मिटायची गरज नव्हती, आणि एक खालचा सूर धरला. म्हातारा, थोडा कापरा. थोरल्यांनी त्यात आपला मिळवला. रखवालदार परत आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. दोघेही आज्ञाधारकपणे गप्प झाले. छत मात्र लगेच गप्प झालं नाही.

"अजून चालू आहे," सर पुटपुटले.

बाहेर आल्यावर आम्ही एका दुकानात कॉफी प्यायला बसलो. आखनला प्रिंटन नावाची मसालेदार बिस्किटं मिळतात, ती दाताला दगडासारखी लागतात. सरांनी एक बिस्कीट टेबलावर वाजवून बघितलं आणि "हेही कार्लच्याच काळचं का?" म्हणून विचारलं. मग कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"मी मुलांना सांगायचो, युरोप हजार वर्षं झोपला होता," ते म्हणाले. "झोपला नव्हता. चाचपडत होता. हे मला आता कळतं. चाचपडणाऱ्याला झोपलेला म्हणू नये."

इतक्या वर्षांचं भांडण जिंकल्यावर माणूस काहीतरी बोलेल असं तुम्हाला वाटेल. थोरल्यांनी फक्त सरांच्या कपात साखर घातली आणि ढवळून दिली.

सर परत गेले आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत थोरलेही गेले. नोकरी सोडून, कायमचे, कऱ्हाडला. साहेबाने समजावलं, आम्ही समजावलं. ते म्हणाले, "आता रविवारचं ऐकून भागणार नाही. रोज ऐकायला हवं." निघताना मी त्यांना बानहोफवर, म्हणजे रेल्वे स्टेशनवर, सोडलं. सामान उतरवून झाल्यावर त्यांनी माझ्या गाडीच्या बॉनेटवर टकटक केलं, मान झुकवली आणि म्हणाले, "ठीक नाही. पुढचं डावं चाक दाखवून घ्या." गाडी आली, मफलर आत गेला, आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून बावळटासारखी रडले. चाकाचं बेअरिंग खरंच गेलेलं निघालं.

त्यांचा अधूनमधून फोन येतो. ते तिथे मुलांना गणित शिकवतात. सर ब्रेल शिकायला बसले आहेत, बोटांना काही केल्या जमत नाही. "पाटी कुठे ठेवतात माहीत आहे?" थोरल्यांनी मला विचारलं. मला माहीत होतं. वर्षातून एकदा दोघे वेरूळला जातात. व्हिडिओ कॉल लावला की मला पंखा आणि दोन अर्धी कपाळं दिसतात. मी दर वेळी ओरडते, फोन खाली घ्या, मला दोघांचे डोळे दाखवा. दाखवल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.

डोमची जबाबदारी आता माझ्याकडे आली आहे. कशी आली ते मलाही सांगता येणार नाही. कुणीतरी फोन केला की आईबाबा आलेत, थोरले नाहीत तर तू नेशील का, आणि मी गेले. त्यांचीच वाक्यं मी उतरवून काढते, पेशव्यांतले थोरले, गळ्यापर्यंत पाण्यातल्या मीटिंगा, हत्तीची अनमेल्डुंग. सनावळ्यांत चुकते. त्या मठातल्या नकला करणाऱ्यांकडूनही चुका होत असणारच.

मागच्या हिवाळ्यात कोल्हापूरचं एक जोडपं आलं होतं. काकू भिंतीवरचं सोनं खरं आहे का विचारत होत्या आणि काका फोटो काढत होते. मी दोघांना झुंबराखाली उभं केलं. फोन खिशात ठेवायला लावला.

"आता डोळे मिटा," मी म्हटलं. "आणि ऐका."

मीही मिटले. जीभ टाळ्याला लावली आणि एक 'टक' केलं. तो कमानींवरून वर गेला, पसरला, आणि सावकाश विरला. मी डोळे उघडले तेव्हा दोघांच्याही माना वर झालेल्या होत्या. मी तसं काही म्हटलं नव्हतं.